पसरणे, विखुरणे, भिनणे : आजारांची नावे समजून घेऊ या



आपल्या डोईफोडिया परिसरात घरात मराठी, बाजारात हिंदी, शेतावर निमाडी किंवा कोरकू आणि दवाखान्याच्या कागदावर इंग्रजी, अशा भाषा एकाच दिवसात कानावर पडतात. एरवी याची गंमत वाटते. पण घरातले कुणी आजारी पडले की याच गोष्टीची अडचण होते. खकनार किंवा बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर इंग्रजी नाव लिहिलेले असते, समजावून हिंदीत सांगितलेले असते, आणि ते आजीला मराठीत सांगायचे काम बहुधा घरातल्या शाळकरी मुलाकडे किंवा मुलीकडे येते. तीन भाषांतून जाताना आजाराचा अर्थ थोडा थोडा सांडत जातो.

म्हणून आजचा पाठ विज्ञानाचाही आहे आणि भाषेचाही. सगळे आजार एका लेखात मावणार नाहीत. आपण फक्त एका गटाचा विचार करू : जे आजार एका जागी न राहता शरीराच्या ऊतींमध्ये पसरत जातात त्यांचा. ऊती म्हणजे पेशींचे थर. कातडी, कातडीखालची चरबी, स्नायू, फुप्फुस, यकृत ही सगळी ऊतींचीच बनलेली असतात.

या गटाकडे मुद्दाम लक्ष देण्याचे कारण असे. गाठ आली की ती हाताला लागते. माणूस बोट ठेवून दाखवतो, "इथे आहे बघा." पण जो आजार भिनत जातो त्याला बोट ठेवून दाखवायला जागाच नसते. पुष्कळदा तो सुरुवातीला दुखतही नाही. त्यामुळे तो उशिरा कळतो आणि उशिरा कळल्यामुळेच जास्त नुकसान करतो. अशा वेळी त्याच्या सुरुवातीच्या खुणा माहीत असणे हाच मोठा उपाय ठरतो.

बसलेला की पसरलेला?

एका पेल्यात पाणी घ्या आणि त्यात एक खडा टाका. खडा तळाशी बसतो, पाणी स्वच्छच राहते. दुसऱ्या पेल्यात शाईचा थेंब टाका. थोड्या वेळात सगळे पाणी निळसर होते. आता शाई कुठे आहे असे विचारले तर काय सांगाल? ती सगळीकडे आहे. विज्ञानाच्या पुस्तकात याला विसरण म्हणतात.

डॉक्टर आजारांचेही असेच दोन भाग पाडतात. खड्यासारखा एका जागी असलेला आजार म्हणजे लोकलाइज्ड, म्हणजेच स्थानिक. शाईसारखा पसरलेला आजार म्हणजे डिफ्यूज. हा शब्द लॅटिन भाषेतून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'चहूकडे ओतणे' असा आहे.

पण पसरण्याचेही प्रकार असतात. आपल्या मराठीत त्यासाठी तीन उत्तम क्रियापदे आधीपासून आहेत : पसरणे, विखुरणे आणि भिनणे. या तिघांतला फरक कळला की चिठ्ठीवरची बरीच अवघड नावे सोपी होतात.

पसरणे : गळू आणि धावरे

कापूस वेचताना किंवा काटेरी कुंपण ओलांडताना पायात काटा जातो. त्या छिद्रातून जंतू आत शिरतात. पुढे दोन गोष्टींपैकी एक होऊ शकते.

पहिली म्हणजे गळू. तेवढीच जागा लाल होते, फुगते, आत पू धरतो. आयुर्वेदात याला विद्रधी म्हणतात आणि इंग्रजी नाव ॲब्सेस. हा स्थानिक आजार झाला.

दुसऱ्या प्रकारात पू एका जागी साचत नाही. काट्याच्या जागेभोवतीची कातडी लाल, गरम आणि टणक होते आणि ती लाली वर चढत जाते. सकाळी घोट्याशी असलेली लाली संध्याकाळी पोटरीपर्यंत येते. ताप भरतो, थंडी वाजते. याला सेल्युलायटिस म्हणतात. याचाच उथळ प्रकार, ज्यात लालीची कड स्पष्ट दिसते, त्याचे नाव एरिसिपेलस.

आपल्या जुन्या माणसांनी एरिसिपेलसला फार नेमके नाव दिले आहे : धावरे. जे धावत सुटते ते धावरे! संस्कृतमधले नाव विसर्प. सर्प शब्दात जो 'सृप्' धातू आहे, सरपटत जाणे या अर्थाचा, तोच इथेही आहे. चरकसंहितेत विसर्पावर स्वतंत्र अध्याय आहे आणि सर्व बाजूंनी पसरतो म्हणून तो विसर्प, असा नावाचा खुलासाही तिथे केलेला आहे. सूक्ष्मदर्शक नसतानाच्या काळात वैद्यांनी नुसत्या डोळ्यांनी बसलेला आजार आणि पसरणारा आजार यांतला फरक टिपला होता.

आता विज्ञानाचा प्रश्न. काटा तोच, पाय तोच, मग एकदा गळू आणि एकदा धावरे असे का? याचे उत्तर बहुधा जंतूंच्या जातीत असते. गळू करणारा जंतू प्रामुख्याने स्टॅफिलोकॉकस असतो. तो रक्त गोठवणारे द्रव्य सोडतो, त्यामुळे त्याच्याभोवती एक भिंत तयार होते आणि पू आत कोंडला जातो. धावरे करणारा जंतू असतो स्ट्रेप्टोकॉकस. तो याच्या उलट वागतो. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा जो चिकट पदार्थ असतो, तो विरघळवणारी विकरे तो सोडतो. भिंत उभी राहतच नाही आणि वाट मोकळी होते. याच जंतूचे स्ट्रेप्टोकायनेज नावाचे एक द्रव्य गोठलेले रक्त विरघळवते. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवण्यासाठी डॉक्टरांनी त्याचाच औषध म्हणून उपयोग केला आहे.

हा फरक नुसता परीक्षेपुरता नाही. उपचारही त्यावर ठरतात. गळू पिकले की चिरा देऊन पू काढावा लागतो. सेल्युलायटिसमध्ये साचलेला पू नसतो, त्यामुळे नुसता चिरा देऊन उपयोग नाही. तिथे अँटिबायोटिक औषध वेळेवर आणि पूर्ण दिवस घ्यावे लागते.

घरी एक गोष्ट करता येते. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ काढा आणि शेजारी वेळ लिहा. दवाखान्यातही अशीच रेघ काढतात. लाली रेघेच्या बाहेर गेली म्हणजे आजार पसरतो आहे हे सगळ्यांना दिसते. पण ही रेघ केवळ नोंद आहे. रेघ काढून घरी वाट पाहत बसू नये. ताप, वेगाने चढणारी लाली किंवा असह्य वेदना असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मधुमेह असलेल्यांनी तर पायाच्या छोट्या जखमेकडेही दुर्लक्ष करू नये. जखमेवर माती, शेण किंवा तंबाखू लावणे पूर्ण टाळावे.

विखुरणे : फुप्फुसातले दाणे

आपल्या घरी शेती आहे, त्यामुळे पेरणीच्या दोन रीती सांगायला नकोत. तिफणीने पेरले की दाणे ओळीत, ठरल्या जागी पडतात. फोकून पेरले की मूठभर दाणे सगळ्या वावरात विखुरतात. वैद्यकात डिसेमिनेटेड असा एक शब्द आहे. त्याचा लॅटिन भाषेतला मूळ अर्थ अगदी हाच, म्हणजे बी फेकून विखुरणे.

क्षयरोग, म्हणजे टीबी, बहुतेक वेळा फुप्फुसाच्या एखाद्या भागात असतो. पण कधी कधी त्याचे जंतू रक्तात शिरतात आणि रक्ताबरोबर फुप्फुस, यकृत, प्लीहा, हाडांतील मगज असे सगळीकडे जातात. जिथे जातात तिथे बारीक दाण्याएवढी गाठ धरते. छातीचा एक्स-रे काढला तर दोन्ही बाजूंना एक ते तीन मिलिमीटरचे असंख्य ठिपके दिसतात.

या प्रकाराचे नाव मिलिअरी टीबी. इ.स. १७०० मध्ये मँजे नावाच्या वैद्याने मृत रुग्णाच्या फुप्फुसातले हे कण पाहिले आणि त्यांची तुलना बारीक भरड धान्याच्या दाण्यांशी केली. लॅटिनमध्ये त्या धान्याला मिलियम म्हणतात. आपल्याकडच्या वरी-राळ्यासारखे ते धान्य. इंग्रजीत भरड धान्यांना मिलेट म्हणतात, तो शब्दही याच मुळातून आला. जंतू कोणता हे मात्र त्यानंतर १८२ वर्षांनी कळले. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन असतो.

मिलिअरी टीबी ओळखायला कठीण असतो. टीबी म्हटले की आपल्याला खोकला आणि बेडका आठवतो. या प्रकारात खोकला थोडा असू शकतो किंवा नसतोही, आणि बेडक्याच्या तपासणीत जंतू न सापडण्याची शक्यता असते. रोज संध्याकाळी ताप, वजन घटणे, भूक मंदावणे, गळून गेल्यासारखे वाटणे एवढीच लक्षणे असतात. लहान मुलांना याचा धोका अधिक. बाळाला जन्मल्यावर दंडावर जी बीसीजीची लस देतात, ती मुख्यतः याच विखुरणाऱ्या टीबीपासून आणि मेंदूच्या आवरणाच्या टीबीपासून लहान मुलांचे रक्षण करते. दंडावरची ती छोटी खूण कशासाठी आहे हे आता तुम्हाला सांगता येईल.

टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. उपचार चालू असताना पोषक आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून रक्कमही मिळते. २०१८ मध्ये ती महिन्याला ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. औषधे मध्येच सोडू नयेत, कारण अर्धवट मारलेले जंतू पुढे औषधालाच दाद देत नाहीत.

विखुरण्याच्या गटातला आणखी एक शब्द म्हणजे मेटास्टेसिस. ग्रीक भाषेत याचा अर्थ 'जागा बदलणे'. कर्करोगाच्या पेशी मूळ जागा सोडून रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून दुसऱ्या अवयवात जाऊन रुजतात, त्याला हे नाव आहे. चिठ्ठीवर हा शब्द दिसला की आजार मूळ जागेच्या पुढे गेला आहे असे समजावे आणि पुढचे उपचार डॉक्टरांना नीट विचारून घ्यावेत.

भिनणे : एका जंतूची दोन रूपे

तिसरे क्रियापद सगळ्यांत महत्त्वाचे. पाणी मातीत मुरते, विष अंगात भिनते, तसा काही आजार ऊतींच्या आत झिरपतो. याला इन्फिल्ट्रेशन म्हणतात. गाळणीसाठी जो फिल्टर शब्द आपण वापरतो तोच यात दडलेला आहे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण कुष्ठरोगाचे आहे. त्याचा जंतू १८७३ साली नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी शोधला. जंतू एकच, पण रूपे दोन टोकांची. शरीराची प्रतिकारशक्ती चांगली असेल तर आजार एक-दोन चट्ट्यांपुरता थांबतो. चट्टा फिकट किंवा लालसर असतो, त्याची कड स्पष्ट असते, आणि तिथे स्पर्श कळत नाही. हे रूप ट्युबरक्युलॉइड. दुसऱ्या टोकाला, या जंतूविरुद्ध शरीराची लढण्याची शक्ती कमी पडते. तेव्हा जंतू कातडीत सगळीकडे भिनतात. हे रूप लेप्रोमॅटस.

इथे आपला मुख्य मुद्दा पुन्हा पाहा. पहिल्या रूपात चट्टा दिसतो, म्हणून माणूस लवकर येतो. दुसऱ्या रूपात सुरुवातीला दाखवण्यासारखा चट्टाच नसतो. चेहऱ्याची कातडी तुळतुळीत आणि थोडी जाड होते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवयांचे बाहेरच्या बाजूचे केस विरळ होतात. लोक म्हणतात, "तब्येत सुधारली, चेहऱ्यावर चमक आली!" आणि आत आजार भिनत असतो. जंतूंची संख्या मात्र याच रूपात कितीतरी पट जास्त असते.

हा जंतू फार सावकाश वाढतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. बहुसंख्य लोकांत त्याच्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते, त्यामुळे हात मिळवल्याने किंवा शेजारी बसल्याने तो होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घकाळ निकट सहवासातून तो पसरतो. १९८० च्या दशकात अनेक औषधे एकत्र देण्याची एमडीटी पद्धत आली आणि चित्र पालटले. आजाराच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांचा उपचार असतो, तो मोफत मिळतो आणि आजार पूर्ण बरा होतो. औषध सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांना असलेला धोका लवकरच संपतो. डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट भारताने गाठले. तरी नवे रुग्ण अजूनही सापडतात, त्यांत लहान मुलेही असतात.

या आजारात औषधाइतकेच काम माणसांनी केले आहे. आपल्याकडून मेळघाट ओलांडला की अमरावती. तिथे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभे केले. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन वसवले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी त्याही आधी, १९३६ मध्ये, कुष्ठधाम सुरू केले होते. सेवाग्रामला गांधीजींनी परचुरे शास्त्री यांची स्वतः शुश्रूषा केली. म्हणूनच ३० जानेवारी हा दिवस आपल्या देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो. कायद्यानेही उशिरा का होईना पाऊल उचलले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण धरले जात असे, ते २०१९ च्या कायद्याने काढून टाकले.

कोड आणि कोढ : सीमेवरचा एक घोटाळा

आपल्या भागात एक शब्द विशेष सांभाळून वापरला पाहिजे. मराठीत 'कोड' म्हणजे अंगावर येणारे पांढरे डाग, ज्याला डॉक्टर व्हिटिलिगो म्हणतात. हिंदीत 'कोढ' म्हणजे कुष्ठरोग. उच्चारात फरक जेमतेम एका श्वासाचा, अर्थात मात्र दोन वेगळे आजार.

मराठी घरातल्या बाईने सहज म्हटले, "माझ्या जावेच्या मुलीला कोड आहे," आणि हिंदी बोलणाऱ्या शेजारणीने ते 'कोढ' ऐकले, तर काय होईल? मुलीच्या लग्नाची बोलणी थांबू शकतात, शाळेत तिच्या शेजारी बसायला मुले कचरू शकतात. एका अक्षराच्या फरकाने एखाद्याचे आयुष्य अवघड होऊ शकते.

खरे तर दोन्ही ओळखणे कठीण नाही. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो. तिथे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी नाहीशा झालेल्या असतात, पण स्पर्श पूर्ण कळतो. कोड हा जंतूंमुळे होणारा आजार नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला कधीच लागत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा दुधासारखा पांढरा होत नाही. तो फिकट किंवा लालसर असतो आणि तिथली संवेदना कमी झालेली असते. शंका असेल तर घरी सुई टोचून पाहू नका, दवाखान्यात दाखवा. आणि बोलताना हिंदीत 'सफेद दाग' आणि 'कुष्ठ' असे स्पष्ट वेगळे शब्द वापरा.

दुसरी गोष्ट, 'महारोगी' किंवा 'कोढी' असे माणसाला म्हणू नये. 'कुष्ठरोग झालेली व्यक्ती' म्हणावे. आजार बरा झाल्यावर तर तेही म्हणण्याचे कारण उरत नाही.

घट्ट होत जाणारे तोंड : सुपारीचे दान

भिनणाऱ्या आजारांतला एक आपल्या शाळेच्या फाटकापर्यंत आलेला आहे. त्याचे नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. नाव लांब आहे, पण तोडून वाचा. ओरल म्हणजे तोंडाचा. सब म्हणजे खाली. म्यूकस म्हणजे तोंडातील मऊ अस्तराचा. फायब्रोसिस म्हणजे तंतू वाढून ऊती घट्ट होणे. म्हणजे तोंडाच्या अस्तराखालचा थर तंतू वाढून घट्ट होत जाण्याचा आजार. बघा, नावातच सगळा आजार सांगितलेला आहे!

१९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये या आजाराचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांवर लिहिताना सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव वापरले. जगभर आज तेच रूढ आहे.

याचे मुख्य कारण सुपारी. सुपारीतील ॲरेकोलिन हे द्रव्य तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेतवते. सुपारीतलेच टॅनिन त्या तंतूंना असे पक्के करते की शरीराला ते मोडता येत नाहीत. तयार होणे वाढले आणि मोडणे थांबले, की तंतू साठतच जाणार. इथे गाठ येत नाही, सुरुवातीला वेदनाही नसते. ठेचा किंवा तिखट भाजी पूर्वीपेक्षा जास्त झोंबू लागते. गालाची आतली बाजू पांढुरकी होते. मग शिट्टी वाजवता येत नाही, फुगा फुगवता येत नाही, आणि शेवटी घास घेण्यापुरतेही तोंड उघडत नाही. काही रुग्णांत पुढे याचा कर्करोग होतो. एका १७ वर्षांच्या पाहणीत शंभरात सात ते आठ रुग्णांना तो झालेला आढळला.

पालकांनी एक गैरसमज मनातून काढावा. "तंबाखू नाही ना, नुसती गोड सुपारी आहे," असे म्हणून मुलांना पुडी घेऊ दिली जाते. हा आजार तंबाखूशिवाय, नुसत्या सुपारीनेही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविरहित सुपारीलाही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

कायदे आहेत. २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत, ते विकता येत नाहीत. आपल्या मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्रानेही घातली. पण तंबाखू नसलेली गोड सुपारी या शंभर यार्डांच्या नियमात येत नाही. तिथे कायदा थांबतो आणि घर व शाळा यांचे काम सुरू होते.

घरी सगळ्यांनी एक चाचणी करावी. आपल्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का ते पाहावे. साधारणपणे आपली स्वतःची तीन बोटे जातात. दोनच जात असतील आणि सुपारी किंवा गुटख्याची सवय असेल, तर सवय आजच सोडून दंतवैद्यांना दाखवावे. झालेला घट्टपणा पूर्ण जात नाही, पण सुरुवातीलाच सवय सोडली तर पुढचे नुकसान पुष्कळ टळते.

नावांच्या शेपट्या

आता वर आलेल्या नावांवरून काही नियम काढू. वैद्यकातल्या नावांना शेपट्या असतात.

'आयटिस' म्हणजे दाह किंवा सूज. टॉन्सिलायटिस, सेल्युलायटिस.

'ओमा' म्हणजे बहुधा गाठ. लायपोमा म्हणजे चरबीची गाठ, जी सहसा निरुपद्रवी असते.

'ओसिस' म्हणजे चालू असलेली प्रक्रिया किंवा स्थिती. फायब्रोसिस. तसेच सिलिकोसिस, म्हणजे दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेल्याने फुप्फुस घट्ट होणे. आपल्याच राज्यातल्या झाबुआ, अलीराजपूर भागातून गोध्र्याच्या दगड दळण्याच्या कारखान्यांत कामाला गेलेल्या अनेक मजुरांचे प्राण या आजाराने घेतले आहेत.

'ओमॅटोसिस' म्हणजे अनेक ठिकाणी गाठी होण्याची स्थिती. न्यूरोफायब्रोमॅटोसिस या लांबलचक नावात मज्जातंतूंवर ठिकठिकाणी गाठी येणे एवढेच सांगितलेले आहे.

नियमांना अपवादही असतात. ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू, त्यात गाठ नसते. आणि सिऱ्होसिस हे यकृतभर पसरणाऱ्या घट्टपणाचे नाव ग्रीक भाषेतल्या पिवळसर तपकिरी रंगावरून आले आहे. स्टेथोस्कोपचा शोध लावणारे फ्रेंच डॉक्टर लाएनेक यांनी १८१९ मध्ये ते दिले. म्हणून नाव पाहून अंदाज करावा, निर्णय मात्र डॉक्टरांवर सोडावा.

लक्षात ठेवा

१. लाली सरकत असेल आणि ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना.
२. दोन आठवड्यांपेक्षा जास्त ताप किंवा खोकला, किंवा कारण नसताना वजन घटणे, याची तपासणी करून घ्यावी.
३. स्पर्श न कळणारा चट्टा, जाड होणाऱ्या कानाच्या पाळ्या, विरळ भुवया दिसल्यास दाखवावे.
४. तिखट झोंबणे आणि तोंड कमी उघडणे म्हणजे सुपारी बंद आणि दंतवैद्यांची भेट.

स्वाध्याय

१. पसरणे, विखुरणे आणि भिनणे या प्रत्येकासाठी शेतातले एक आणि आजाराचे एक उदाहरण लिहा.
२. गळू आणि धावरे यांतील फरक जंतूंच्या वागण्यावरून स्पष्ट करा.
३. 'कोड' आणि 'कोढ' यांतील फरक घरातल्या एका मोठ्या माणसाला समजावून सांगा आणि त्यांनी विचारलेला प्रश्न वहीत लिहून आणा.
४. घरातील जुन्या चिठ्ठीवरचे एखादे नाव मोठ्यांच्या परवानगीने उतरवा, शेपटी ओळखा. आजार कुणाचा ते लिहू नका.
५. शाळेच्या फाटकापासून पावले मोजत ९१ मीटर चाला. वाटेत पुड्या विकणारे दुकान आहे का ते पाहा आणि वर्गशिक्षकांना सांगा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर मुले आणतील तेव्हा पालक आणि विश्वस्त मंडळींनी त्या दुकानदाराशी गोडीने बोलावे, अशी विनंती आहे. तोही आपल्याच गावचा आहे आणि त्याचीही मुले कुठल्यातरी शाळेत शिकतात. येत्या ३० जानेवारीला वर्गावर्गांतून 'कोड आणि कोढ' हा भाग मराठीतून आणि हिंदीतून मोठ्याने वाचला जावा, हीही सूचना. पुढच्या वेळी घरात कुणी चिठ्ठी पुढे करून "काय लिहिलंय रे यात?" असे विचारील, तेव्हा तुम्हाला ते नाव तोडून, जोडून, आपल्या मराठीत सांगता यावे, एवढ्यासाठी हा पाठ.